लाईट आल्यानंतरचे काही सेकंद

जालन्याच्या एका कॉलेजात मी सिम्युलेशन शिकवते. म्हणजे एखादी गोष्ट बाहेर जशी चालते तशी संगणकात चालवून बघायची. दरवर्षी मुलं बँकेतली रांग करून आणतात, कारण पुस्तकात तीच दिलेली असते. गिऱ्हाईक येतं, शिस्तीत रांगेत उभं राहतं, काम होतं, निघून जातं. मध्ये कुणी घुसत नाही, कुणी 'साहेब, फक्त एक सही' म्हणत बाजूने हात घालत नाही, साहेबांचा चहा लांबत नाही. असली बँक मी उभ्या जन्मात पाहिलेली नाही, तरी मार्क देत आले आहे.

एक गोष्ट मात्र मी मुलांना घसा कोरडा करून सांगते. संगणकातला वेळ आपोआप पुढे जात नाही, तो आपण ढकलायचा असतो, एकेक पायरी करत. पायरी तासाची ठेवायची की मिनिटाची की सेकंदाची, हे करणाऱ्याने ठरवायचं. गॅसवर दूध ठेवून तासाने एकदा डोकावलात, तर आधी पांढरं दूध दिसेल आणि नंतर करपलेलं पातेलं. दूध उतू जाताना दिसणारच नाही. मुलं माना डोलावतात आणि परीक्षेत दुधाचं उदाहरण जसंच्या तसं उतरवतात. खरं सांगायचं तर मलाही ते उदाहरणापुरतंच ठाऊक होतं. एका दिवाळीत ते माहेरच्या शेतात समोर उभं राहिलं, आणि त्या चार-पाच दिवसांत मला जो आनंद झाला तो नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

माझं माहेर टेंभुर्णीजवळ. दादा जालन्यात रोलिंग मिलला आहे, सुट्टी मिळेल तसा येतो. शेत वहिनीच बघते. आमच्याकडे बियाण्याचे प्लॉट फार. रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना शेडनेट, म्हणजे जाळीचे मांडव, दिसतात आणि आत बायका मिरचीच्या कळ्या चिमट्याने उकलत असतात. एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडाच्या फुलाला लावायचा आणि लावलेल्या फुलाला रंगीत दोरा बांधायचा, याला सगळे 'क्रॉसिंग' म्हणतात. वहिनी लग्न होऊन आली तेव्हापासून दुसऱ्यांच्या नेटमध्ये मजुरीने क्रॉसिंग करत होती. त्या वर्षी तिने पहिल्यांदा स्वतःचं नेट उभं केलं. बोअर घेतला, मोटर बसवली, रीतसर कनेक्शन घेतलं. नेटच्या दाराला तिने तोरण बांधलं होतं. दादा हसला, पण तोरण त्यानेच उंच धरलं होतं.

आणि दसऱ्याच्या सुमारास आमची डीपी जळाली. शेतातल्या ट्रान्सफॉर्मरला आमच्याकडे डीपीच म्हणतात, आणि ती जळाली की तिच्यावरचं सगळं शिवार कोरडं पडतं. डीपीवरच्या सगळ्यांनी खेटे घालून नवी मिळवली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणली. तोवर वहिनी ड्रमने पाणी वाहत होती. तरी निम्मी फुलं गळाली. मी दिवाळीला गेले तेव्हा उरलेल्या झाडांना नव्या कळ्या धरत होत्या, आणि नवी डीपीही लाईट आली की वाईट घुमायला लागायची.

"ही बी जाणार," बांधाशेजारचे नाना सगळ्यांना सांगत फिरत होते. "इतके वर्ष डीपीला काही झालं न्हाई. यांची मोटर जोडली अन् डीपी गेली. अजून काय पाह्यजे?"

नाना वाईट माणूस नव्हे. दादा नसताना वहिनीची पेरणी त्यांच्याच ट्रॅक्टरने व्हायची. पण त्यांची मोसंबी पाण्यावाचून तडफडली होती आणि त्यांना कुणावर तरी चिडायचं होतं. डीपीवरच्या बाकीच्यांनी माना हलवल्या. पाडव्याला सगळ्यांनी बसायचं आणि वहिनीचं कनेक्शन काढायचं ठरवायचं, असं जवळपास पक्कं झालं होतं. दादाला त्या दिवाळीत सुट्टी नव्हती; हे सगळं वहिनीने मला फराळाचं ताट समोर ठेवता ठेवता सांगितलं.

"कनेक्शन गेलं की नेट गेलं, ताई," ती म्हणाली. "या कळ्या लास्टच्या. यांना पाणी चुकलं तर पुढल्या साली मी परत दुसऱ्याच्या नेटात."

"पण तुझ्याच मोटरीने जळाली हे ठरवलं कुणी?"

"सगळ्यांनी."

माझं डोकं सटकलं. मला 'सगळ्यांनी ठरवलं' या दोन शब्दांचा लहानपणापासून राग आहे. करंजी ताटात तशीच टाकून मी लॅपटॉप उघडला.

डीपीची ताकद किती, तिच्यावर मोटरी किती, कुणाची केवढी, लाईट कधी येते आणि कधी जाते, एवढं वहिनीला विचारून घेतलं आणि पायरी ठेवली तासाची. लाईटचं वेळापत्रकच तासांत असतं, मग दुसरी कशाला ठेवायची? बटण दाबलं. पेरणीपासून दिवाळीपर्यंतचा हंगाम डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपला. डीपी थंडगार! वहिनीची मोटर धरूनही भार आरामात मावत होता. मी ताडकन उठले आणि तिला मिठीच मारली.

वहिनीने पदराला हात पुसत पडद्याकडे पाहिलं. "मंग ती जळाली कशी?"

मी खाली बसले. जी डीपी सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत जळाली, ती माझ्या लॅपटॉपमध्ये जळायला तयार नव्हती. हे घेऊन पाडव्याला गेले असते तर नानांनी मला कनेक्शनसकट काढलं असतं.

शेतीची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते; त्या आठवड्यात ती दिवसाची होती. दुसऱ्या दिवशी ती यायच्या आधीच मी वहिनीबरोबर शेतात जाऊन बसले. शेतात दुसरं कुणीच नव्हतं, सगळे घरी सणात. आणि लाईट आली. काय सांगू! आजूबाजूच्या सगळ्या शिवारातून एकाच क्षणी खटका पडल्याचा आवाज आला आणि सगळ्या मोटरी एकदम गुरगुरल्या. फिरल्या नाहीत, नुसत्या गुरगुरत राहिल्या. खोपीतला बल्ब लालसर होऊन मरायला टेकला. डीपी अशी घुमत होती की मी दोन पावलं मागे सरले. मग कुठल्यातरी मोटरीचा स्टार्टर पडून ती बंद झाली, लाईनीत थोडा जीव आला आणि बाकीच्या एकेक करत फिरायला लागल्या. बल्ब उजळला. सगळं काही सेकंदांचं काम.

"हे रोज होतं?"

"रोजच की. यंदा सगळ्यांनी ऑटो बसवले ना. लाईट आली की मोटर आपसूक चालू होती, शेतात यायचं कामच न्हाई. एकाच वायरमननं सगळ्यांचे बसवले, मंग सगळ्या बराबर एकदम चालू होत्यात."

ऑटोवर एक लहानसं बटण असतं. लाईट आल्यावर किती थांबून मोटर चालू करायची, ते त्याने ठरतं. ते दुकानातून जसं आलं तसंच प्रत्येकाचं ठेवलेलं होतं. मी चप्पल हातात घेऊन काळ्या रानातून घराकडे पळाले. मागून वहिनी "ताई, पडताल!" म्हणून ओरडत होती.

यावेळी पायरी सेकंदाची. थांबलेली मोटर चालू होताना चालत्या मोटरीच्या कितीतरी पट करंट ओढते. भरलेली बैलगाडी जागची हलवायला सगळा जोर लागतो, एकदा चाललेली मग चालत राहते, तसंच. तासाच्या पायरीत हा जोर दिसतच नव्हता, तासभराच्या हिशोबात तो विरघळून जात होता. आता दिसला. सगळ्यांनी एकदम जोर लावला, व्होल्टेज पडलं, पडलं म्हणून एकही मोटर फिरेना, फिरेना म्हणून सगळ्या ओढतच राहिल्या. पडद्यावर भाराची रेघ वर वर चढत होती. आणि फटकन फ्यूज गेली. डीपी पुन्हा वाचली.

मला रडू यायचं बाकी होतं. "ही बया जळत का नाही?" मी लॅपटॉपवर ओरडले. बाहेर अंगणात रांगोळी काढणाऱ्या वहिनीने वर पाहिलं आणि पुन्हा ठिपके टाकायला लागली.

दुपारी मी पुन्हा डीपीकडे गेले आणि तिच्या पेटीत लांबूनच डोकावले. फ्यूजच्या जागी बारीक तार असते, तीच वितळून बाकीच्यांना वाचवते. डीपी नवी आली तरी पेटी जुनीच होती, आणि तिच्यात त्या जागी करंगळीएवढा जाड पीळ घातलेला होता.

"फ्यूज सारखीच जायची," वहिनीने संध्याकाळी सांगितलं. "रोज कोण बांधणार? मंग सगळ्यांनी मिळून जाड तार टाकली. त्याच्यावर एकदा बी फ्यूज गेली न्हाई."

"फ्यूज नाही गेली, डीपी गेली!"

वहिनीने कपाळावर हात मारला आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. सगळ्यांनी मिळून! भांडताना एकाचं तोंड एकीकडे आणि दुसऱ्याचं दुसरीकडे असणाऱ्या माणसांनी आयुष्यात एकमताने केलेलं हे एकच काम, आणि ते हे! माझ्या मॉडेलमध्ये मी पुस्तकातली फ्यूज घातली होती. आमच्या शिवारात पुस्तकातली फ्यूज कधीच नव्हती.

जाड तार मॉडेलमध्ये घातली, लाईट येण्या-जाण्याचे झटके घातले आणि बटण दाबलं. मोटरी गुरगुरल्या, व्होल्टेज पडलं, फ्यूज गेली नाही, रेघ चढत गेली, डीपी तापत गेली, आणखी तापली, आणि...

"जळाली! जळाली!" मी बाजेवर उभी राहून नाचायला लागले.

वहिनी स्वयंपाकघरातून चकलीच्या पिठाच्या हातांनीच धावत आली. "अगं बाई! काय जळालं?"

"डीपी!"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग तिला लॅपटॉप दिसला आणि तिने पिठाच्या हातानेच माझ्या पाठीत एक ठेवून दिली. पण ती परत आत गेली नाही. बाजेच्या कडेला टेकली आणि हळूच म्हणाली, "आता माझी काढून पाहा."

मी तिची मोटर काढली. चालवलं. जळाली. तिची परत घातली आणि नानांची काढली. जळाली. आलटून पालटून एकेकाची काढली, तरी जळाली. मग सगळ्या परत घातल्या, तिचीसुद्धा, आणि फक्त एवढंच केलं की प्रत्येकीने आधीची नीट फिरायला लागेपर्यंत थांबायचं. रेघ जरा वर जायची, खाली यायची, पुन्हा जरा वर. डीपी थंड. वहिनीने ते पुन्हा लावायला सांगितलं, मग आणखी एकदा. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पिठाच्या हातांमुळे तिला ते पुसता येत नव्हतं.

"म्हंजे माझ्यामुळं न्हाई," ती म्हणाली.

पाडव्याला डीपीजवळच्या लिंबाखाली सगळे जमले. उन्हात पडद्यावर काही दिसेना, म्हणून कुणाच्या तरी खांद्यावरचं उपरणं डोक्यावर धरून दोघादोघांनी आत वाकून बघायचं असं ठरलं. नानांनी पहिल्यांदा बघितलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "हे कार्टून हाये."

"कार्टूनच आहे, नाना. पण यातून तुमची मोटर काढून दाखवते, बघा."

ते पुन्हा वाकले. "माझी काढली तरी जळून राह्यली?"

"जळते."

"अन् हिची काढली तरी?"

"तरी जळते."

नाना उपरण्याखालून बाहेर आले. मग त्यांनी डीपीवरच्या पेटीकडे पाहिलं, जाड तारेकडे, आणि आपल्याच मांडीवर थाप मारून म्हणाले, "आयला, तार म्याच आणल्ती!" सगळे हसले. मला वाटलं, जिंकलो.

कसलं काय. बारीक तार टाकायची आणि प्रत्येकाने ऑटोचं बटण वेगवेगळं लावायचं, हे चुटकीसरशी ठरलं. मग प्रश्न आला, आधी कोणाची? मी जीव तोडून सांगितलं की पहिल्या आणि शेवटच्या मोटरीत फरक मोजक्या मिनिटांचा आहे, कुणाचं पाणी कमी होत नाही. कुणी ऐकेना. विहिरीच्या पाळीवरून ज्यांच्या वाडवडिलांनी डोकी फोडली, ते मिनिटं कशाला सोडतील? नाना म्हणाले, या डीपीवरची सगळ्यात जुनी मोटर त्यांची, पहिला मान त्यांचा. दुसऱ्याची मोठी होती, तिसऱ्याची विहीर खोल होती. आवाज चढले. एकजण तर उठून चालायलाच लागला. जमलेलं सगळं मोडणार हे मला दिसत होतं.

"मी शेवटी," वहिनी म्हणाली. ती इतका वेळ बायकांमध्ये मागे बसली होती. "बिलकुल शेवटी. नाना पहिले. मंग तर झालं? आता बाकीच्यांचं जल्दी ठरवा."

ठरलं. आणि मी लॅपटॉप उचलून तडक घराकडे निघाले.

कारण मॉडेलमध्ये मी सगळ्या मोटरी डीपीला चिकटून बसवल्या होत्या. ते सोपं पडतं. वहिनीची मोटर मात्र लाईनच्या अगदी शेपटाला होती, लांब तारेच्या टोकाला, जिथे व्होल्टेज पोचेपर्यंत दमलेलं असतं. तिने चालू व्हायचं तेव्हा बाकीच्या सगळ्या आधीच ओढत असणार. घरी येऊन मी तारेची लांबी घातली. कधी तिची मोटर फिरायची, कधी नुसती गुरगुरून पडायची. त्या दिवशी वरून किती व्होल्टेज येईल त्यावर सगळं अवलंबून होतं, आणि ते मला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. लॅपटॉपने हात वर केले.

मी नेटमध्ये जाऊन वहिनीला सरळ सांगितलं, "तुझी मोटर उचलेलच याची खात्री नाही. अजून वेळ आहे, पाळी बदलून मागू."

"अन् काय सांगू त्यांला? मला आधी पाह्यजे म्हणून?" ती कळ्यांवरून नजर न काढता म्हणाली. "ताई, त्यांनी मला डीपीवर राहू दिलं, ते मी शेवटी म्हणले म्हणून. आधी माझं पाऊल टिकू द्या."

वायरमन आला, बारीक तार टाकून, बटणं लावून गेला. त्यानंतर लाईट आली तेव्हा आम्ही दोघी स्टार्टरसमोर उभ्या होतो. प्रत्येकजण आपापल्या मोटरीजवळ होता. ऑटो बसवल्यापासून इतकी माणसं एका वेळी शेतात आली नव्हती.

नानांची मोटर पहिली लागली. धड, स्वच्छ आवाज. मग जरा शांतता. मग लिंबाकडची. शांतता. मग त्यापलीकडची. प्रत्येक मोटर लागली की कुणीतरी लांबून शिट्टी घालायचं. मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं, पण मी बोटांवर उरलेल्या मोटरी मोजत होते. लॅपटॉपमध्ये मी अख्खा हंगाम क्षणात पळवला होता. इथे एक सेकंदही मला पुढे ढकलता येत नव्हता.

आमची पाळी आली. खटका पडला. मोटर गुरगुरली. गुरगुरतच राहिली. खोपीतला बल्ब मंदावला. खटकन स्टार्टर पडला. वहिनीने हिरवं बटण दाबलं. पुन्हा तेच, गुरगुर आणि खटका. ती माझ्याकडे वळली नाही. तिचा अंगठा बटणावर तसाच होता आणि तिची मान खाली जात चालली होती.

आणि बांधापलीकडचा आवाज बंद झाला. नानांच्या पाईपचं पाणी तुटलं. मला आधी वाटलं, त्यांचीही पडली. तेवढ्यात ज्वारीच्या वरून त्यांचा आवाज आला.

"म्या बंद केली! घे पोरी, आता दाब!"

वहिनीने बटण दाबलं. मोटर एकदा गुरगुरली आणि फिरली. बल्ब उजळला. पाईपाने धक्का खाल्ला आणि नेटच्या आतून पाणी चालल्याचा सूं आवाज आला. वहिनी मटकन खाली बसली आणि मला ओढून शेजारी बसवलं. आम्ही हसत होतो की रडत होतो ते सांगता येणार नाही.

मी मोटरी घातल्या होत्या, तारा घातल्या होत्या, जाड पीळसुद्धा घातला होता. दुसऱ्याची मोटर अडलेली ऐकून स्वतःची बंद करणारा माणूस मला सुचलाच नव्हता.

नाना थांबले होते. आमच्या मोटरीचा आवाज एकसारखा झाला, तरी जरा थांबले. मग त्यांनी आपली चालू केली, सगळ्यांच्या शेवटी.